पोटाची तक्रार

मी सनद घेतली त्या काळात वकिलाला दोनच आजार होऊ शकत होते: ताप आणि पोट. कोर्टाकडे पुढची तारीख मागायची, तर अर्जात या दोहोंपैकी एक टाकायचा. ताप तीन दिवसांत उतरतो, म्हणून लांबची तारीख हवी असेल तर पोट. अर्ज इंग्रजीत असे, आणि इंग्रजीत पोटाला फार भारदस्त शब्द आहेत. तिसरा एक आजार होता. तो आम्हा सगळ्यांना ठाऊक होता, पण त्याचं नाव कागदावर घ्यायची रीत नव्हती. तोंडानेही कोणी घेत नसे.

एका वर्षात मी पोटाचे सात अर्ज लिहिले. एकाच खटल्यात, एकाच माणसासाठी, आणि सातही खोटे. त्याची लाज वाटते का, असं मी अजून अधूनमधून स्वतःला विचारते. वाटते. पण तीच वेळ पुन्हा आली तर पहिला अर्ज मी पुन्हा लिहीन. दुसरा लिहिणार नाही.

ज्यांच्यासाठी लिहिले ते माझे सीनियर. गिरगावात ठाकुरद्वारच्या बाजूला एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत ऑफिस आणि मागच्या खोलीत संसार. मधे एक पडदा, त्यामुळे अशिलांना फोडणीचा वास यायचा आणि वहिनींना अशिलांची भांडणं ऐकू जायची. बाई वकिलाला तेव्हा कोणी ज्युनिअर म्हणून घेत नसे. एकाने मला त्याच्या मुलींची शिकवणी घेशील का असं विचारलं होतं, आणि मी त्याला जे उत्तर दिलं त्यामुळे आणखी दोन दारं बंद झाली. वकीलसाहेबांनी मात्र माझं अक्षर पाहिलं आणि उद्यापासून ये म्हणाले. घरी ते मला ‘तू’ म्हणत. कोर्टाची पायरी चढलो की ‘तुम्ही’. हा बदल त्यांनी एकदाही चुकवला नाही.

त्यांच्या दोन गोष्टींचं बाररूममध्ये नाव होतं. एक म्हणजे त्यांनी कधी खोट्या कारणाचा अर्ज दिला नाही. चाळीतल्या लग्नामुळे काम वाचायचं राहिलं, तर तसंच सांगत आणि बोलणी खात. दुसरी त्यांची उलटतपासणी. विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला ते हळू आवाजात, बारीक बारीक प्रश्न विचारत. मला म्हणत, हे भांडण नाही, हे सोलणं आहे. कांदा सोलतात तसं. फक्त रडायचं साक्षीदाराने, आपण नाही.

मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं होतं. तेव्हा मला ते फार आवडलं होतं.

आमच्या कामाची एक पद्धत इथे सांगायला हवी. प्रत्येक खटल्याचे कागद एका जाड आवरणात बांधलेले असत, त्याला ब्रीफ म्हणतात. ब्रीफच्या पाठीवर वकिलाने त्या दिवशी कोर्टात काय झालं ते एका ओळीत स्वतःच्या हाताने लिहायचं आणि पुढची तारीख टाकायची. वकील मेला तरी ब्रीफची पाठ वाचून दुसऱ्याला काम पुढे नेता आलं पाहिजे, असा त्यामागचा हिशेब.

ज्या ब्रीफबद्दल मी सांगते आहे ते लालबागच्या एका खानावळवालीचं होतं. मालवणकडची विधवा बाई. चाळीत तळमजल्यावर एक खोली, आणि त्या खोलीत गिरणीतले पंधरा जण पाळीपाळीने जेवायला येत. झोपायला ते आपापल्या गाळ्यात जात. घरमालकाला ती खोली रिकामी करून हवी होती. त्याचा भाडं गोळा करणारा म्हातारा मेहता एक दिवस कागद घेऊन आला आणि त्याने बाईला विचारलं, तुझ्याकडे पोटभाडेकरू आहेत का. बाईने सरळ सांगितलं, होय, पंधरा आहेत. आणि अंगठा उठवला.

तिचं काय चुकलं? जो पोटासाठी येतो आणि त्याचं भाडं देतो तो पोटभाडेकरू, असा तिने अर्थ लावला. मला विचाराल तर कायद्याच्या अर्थापेक्षा तो बरा होता. पण कायद्यात पोटभाडेकरू ठेवणं म्हणजे खोली जाणं. तिच्याच अंगठ्याने तिची खोली जायची पाळी आली होती. वाचवायला एकच वाट होती. मेहत्याची उलटतपासणी करून त्याच्याच तोंडून वदवायचं, की बाईला त्या शब्दाचा अर्थ कळला नव्हता आणि हे त्याला ठाऊक होतं. असं वदवून घ्यावं ते आमच्या वकीलसाहेबांनीच. बाई निर्धास्त होती, आणि मीसुद्धा.

मग छप्पन साल उजाडलं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून शहर पेटलं आणि गोळीबार झाला. आमच्या गॅलरीतून पलीकडच्या रस्त्यावर पडलेल्या चपला दिसत होत्या. त्या दोन दिवस तशाच होत्या. पुढे सगळीकडे बोललं जाऊ लागलं की या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झालीच पाहिजे, आणि झाली तर पुरावा तयार हवा. वकीलसाहेबांनी ते काम अंगावर घेतलं. फी अर्थातच नाही. गिरगाव, परळ, लालबागमधून माणसं येत, ज्यांना लागलं होतं ती, आणि ज्यांचं कोणी गेलं होतं ती. वकीलसाहेब विचारत, मी लिहून घेत असे. दीड महिन्यात एक ट्रंक भरली.

खानावळवालीने तिच्या चाळीतल्या एका बाईला आणलं. तिचा बावीस वर्षांचा मुलगा, गिरणीतला बदली कामगार, रस्त्यात गोळी लागून गेला होता. बाईने सगळं नीट सांगितलं. रडली नाही. मी लिहिलं, वाचून दाखवलं. आता अंगठा घेऊन काम संपायचं.

पण वकील ते वकील. चौकशीत सरकारचा वकील हिला उलट विचारेल, तेव्हा ती गडबडू नये म्हणून आधीच तयारी करून घ्यायची, ही आमची नेहमीची रीत. वकीलसाहेब तिला म्हणाले, मी आता त्यांचा वकील आहे असं समजा. आणि त्याच हळू आवाजात त्यांनी विचारलं, “रस्त्यावर गोळीबार चालू आहे हे माहीत असताना तुमचा मुलगा बाहेर का गेला होता?”

मला आठवतं, मी मनात म्हटलं, वा, काय नेमका प्रश्न आहे.

बाईने त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, “मीच पाठवला. घरात रॉकेल नव्हतं.”

हे तिने आधी कोणालाच सांगितलं नव्हतं, खानावळवालीलाही नाही. अंगठा दिला आणि उठली. मी प्रश्न आणि उत्तर दोन्ही वहीत उतरवून घेतलं होतं, सवयीने. खाली रेघ मारली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

चौकशी पुढे झालीच नाही. सरकारने नाही म्हटलं. ट्रंक वहिनींच्या पलंगाखाली गेली.

त्यानंतर किती दिवसांनी सुरू झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही, आणि याचाच मला राग येतो. मी रोज त्यांच्या शेजारी बसत होते. मला कळलं ते ब्रीफच्या पाठीवरून. त्यांच्या अक्षरात एकच ओळ पुन्हा पुन्हा येऊ लागली: ‘उलट राखून.’ म्हणजे साक्षीदाराची उलटतपासणी आज केली नाही, पुढे करू. एका ब्रीफवर, दुसऱ्यावर, पाचव्यावर. साक्षीदार पिंजऱ्यात उभा, वकीलसाहेब उठून उभे राहत, टेबलाची कड धरत, ओठ हलत, आणि मग ते हळूच म्हणत की मी उलट राखून ठेवतो. एकदा मी त्यांचा हात पाहिला. घामाने कागद चिकटला होता.

घरचं वहिनींनी सांगितलं. पडद्याआड बोलावून, भाजी निवडता निवडता. म्हणाल्या, यांनी प्रश्न विचारणंच टाकलंय. मला आधी कळेना. त्या म्हणाल्या, ‘मीठ कुठे आहे’ असं म्हणत नाहीत, ‘मीठ सापडत नाही’ म्हणतात. ‘किती वाजले’ म्हणत नाहीत, उठून घड्याळ बघतात. झोप नाही. पहाटे गॅलरीत उभे असतात. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, हे बाहेर जाऊ देऊ नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. वकिलाचं डोकं बिघडलं असं एकदा झालं, की या जिन्यावर कोणी चढणार नाही.

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. बाररूममध्ये मी एका म्हाताऱ्या वकिलाबद्दल काय काय बोललं जातं ते ऐकलं होतं. मीही हसले होते.

खानावळवालीच्या खटल्यात मेहत्याच्या उलटतपासणीची तारीख आली त्या सकाळी वकीलसाहेबांनी कोट चढवला, जिन्यापर्यंत आले आणि परत फिरले. मी एकटी कोर्टात गेले. जाताना अर्ज लिहिला. कारणाच्या जागी लेखणी जरा थबकली, मग मी पोट लिहिलं. तारीख मिळाली. संध्याकाळी मी त्यांना सांगितलं की तारीख मिळाली. त्यांनी कारण विचारलं नाही. ते काहीच विचारत नव्हते.

एकदा पोट म्हटलं की ते सांभाळावं लागतं. तिसऱ्या अर्जाला घरमालकाचा वकील म्हणाला, तुमच्या साहेबांना फणस सोसत नाही वाटतं. चौथ्याला जज्जसाहेबांनी चष्म्यावरून बघत मला बेलाचा मुरंबा सुचवला. पाचव्याला त्यांनी पिंपळाच्या सालीचा काढा सांगितला आणि स्टेनोला तो लिहून द्यायला लावला. माणूस खरोखर भला होता. त्यांच्या भलेपणाने मला कानकोंडं होत असे. मी खाली मान घालून काढ्याची कृती घेतली. माझ्या पोटात एक आणि ओठात एक, आणि दोन्हीकडे पोटच.

खानावळवालीलाही मी तेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी पितळेचा डबा येऊ लागला. दुसऱ्या पाळीचा एक कामगार लालबागहून गिरगावात डबा घेऊन यायचा, वहिनींच्या हातात द्यायचा, कालचा धुतलेला घेऊन जायचा. डब्यात उकड्या तांदळाची पेज, वर थोडं तूप, आणि एका पुडीत मीठ. वकीलसाहेब ती रोज खात. घरचं जेवण टाकून उठणारा माणूस, पण पेज संपवत असे. वहिनींना त्याचं थोडं वाईटही वाटे.

असं सात-आठ महिने चाललं. सातव्या अर्जावर जज्जसाहेबांनी मुरंबा सांगितला नाही. ही शेवटची तारीख, एवढंच म्हणाले. त्या दिवशी मेहत्याची उलटतपासणी झाली नाही तर तो अंगठ्याचा कागद तसाच खरा धरला जाणार होता, आणि बाईची खोली जाणार होती.

हे मी तिला कळवलं आणि ती स्वतः आली. दुपारची वेळ होती. डबा आज तिच्याच हातात होता. तिने तो टेबलावर ठेवला, समोरच्या खुर्चीवर न बसता उभीच राहिली. वहिनी पडद्यापाशी आल्या.

“वकीलसाहेब,” ती म्हणाली, “माका सरळ सांगा. तुमी उभे रवतलास की नाय? खोली गेली तर माझी पंधरा माणसां जेवतली खंय?”

मी मधे पडले. म्हटलं, साहेबांचं पोट... तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“पोट बरा आसा त्यांचा. डबो पुसान येता रोज. मी पंधरा माणसांक जेवूक घालतंय, माका पोट कळता. ह्या पोटाचा दुखणा न्हय.”

वकीलसाहेबांनी तिच्या डब्याकडे बघितलं. मग म्हणाले, “नाही. मी उभा राहू शकणार नाही. मला प्रश्न विचारवत नाहीत. त्या दिवशी त्या बाईंना विचारला, तेव्हापासून.”

ज्या माणसाच्या शेजारी मी रोज बसले त्याने हे मला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते खोली जायच्या बेतात असलेल्या एका अशिलाला. मला धक्का बसला तो याचा नाही. वहीत तो प्रश्न माझ्याच अक्षरात होता आणि खाली माझीच रेघ होती, याचा बसला.

खानावळवाली आता खुर्चीवर बसली. तिचा आवाज उतरला होता. म्हणाली, ती बाय आता माझ्याकडेच भाकऱ्या थापायला असते. घरात एकटी बसून वेडी झाली असती, म्हणून मी तिला ओढून आणली. वकिलांचं पोट बिघडलंय असं मी बोलले ते तिने ऐकलं.

“पेज तीच करता,” ती म्हणाली. “पयल्या दिसापासून.”

वकीलसाहेबांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. वहिनी पडदा सारून पुढे आल्या आणि अशिलासमोर, माझ्यासमोर, त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तसं करताना मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. वकीलसाहेबांना रडू आवरेना आणि मलाही. खानावळवालीने मात्र डबा उघडला, वाटीत पेज ओतली, मीठ घातलं आणि वाटी त्यांच्यापुढे सरकवली. ते शांत झाल्यावर तिने पुन्हा विचारलं, मग माझ्या खोलीचं काय.

“ही करील,” वकीलसाहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. मग मला म्हणाले, “आयुष्यात कधी कोर्टात खोटं बोललो नाही म्हणून मिरवत होतो मी. माझ्या वतीने तू बोललीस, आणि मी पेज खात बसलो.”

तारखेला चार दिवस होते. रोज सकाळी आम्ही ऑफिसात बसत असू. पण प्रश्न त्यांना सुचत असले तरी बोलता येत नव्हते. मग आम्ही एक युक्ती काढली. ते उत्तर सांगत आणि मी प्रश्न शोधत असे. ते म्हणत, “मेहत्याने ‘एक’ असं म्हणायला हवं.” मी विचार करून म्हणे, खोलीत वळकट्या किती होत्या? ते मान हलवत. “आता ‘पंधरा’.” थाळ्या किती होत्या? असं करत करत सगळी उलटतपासणी मागून पुढे बांधली. मला जे काही काम येतं ते त्या चार दिवसांत आलं.

कोर्टात सीनियर पुढच्या खुर्चीवर बसतो आणि ज्युनिअर मागे, चिठ्ठ्या पुढे सरकवायला. त्या दिवशी वकीलसाहेब आले आणि मागच्या खुर्चीवर बसले. सगळ्यांनी ते पाहिलं. जज्जसाहेबांनी चष्मा सारखा केला आणि मला सवयीने विचारलं, पोट?

मी तोंड उघडायच्या आत मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वकीलसाहेब उभे राहिले होते. ते इंग्रजीत बोलले, पण मला ते मराठीतच आठवतं.

“पोट नाही. पोट कधीच नव्हतं. माझं मन बरं नाही. सात वेळा कोर्टाला खोटं सांगितलं गेलं, त्याची जबाबदारी माझी आहे. उलटतपासणी माझ्या ज्युनिअर घेतील.”

कोणी हसलं नाही. फणसाचा विनोद करणारा वकील आपल्या कागदांत काहीतरी शोधू लागला. जज्जसाहेब ‘बसा’ म्हणाले, आणि स्टेनोकडे वळून म्हणाले की हे टिपायची गरज नाही. ते त्यांनी दयेपोटीच केलं. मला मात्र तेव्हा राग आला होता आणि अजून तो पुरता गेलेला नाही. खोटं सातही वेळा रेकॉर्डवर गेलं, आणि खरं एकदा बोललं गेलं ते टिपायचं नाही.

मेहता पिंजऱ्यात आला. प्रश्न मला पाठ होते. थाळ्या किती पाहिल्या? पंधरा. वळकट्या किती? तो आठवू लागला. एक. ती कोणाची? बाईची. तुम्ही स्वतः त्या खोलीत कधी जेवलात? मेहत्याने घरमालकाच्या वकिलाकडे बघितलं. जेवलो, म्हणाला. पैसे देऊन? हो. मग बाईच्या हिशेबाने तुम्ही तिचे कोण? म्हातारा गोंधळला, आणि खरं ते बोलून गेला: तिच्या हिशेबाने मी पण पोटभाडेकरू. दुभाष्याने इंग्रजी करायच्या आधीच जज्जसाहेब हसले. म्हणजे अंगठा घेताना ती या शब्दाचा काय अर्थ धरते ते तुम्हाला ठाऊक होतं? मेहता खाली बघत हो म्हणाला.

काम झालं होतं. पण मला चेव चढला होता. दिवसच तसे होते. मेहता गुजराती, मी मराठी, बाहेर भिंतीभिंतीवर ‘झालाच पाहिजे’ लिहिलेलं, आणि माझ्या हातात आणखी एक प्रश्न होता जो वकीलसाहेबांनी मला दिलेला नव्हता. गोळीबाराच्या दिवसांत लालबागमध्ये जमाव पेढ्या फोडत होता, तेव्हा याच बाईने या मेहत्याला दोन दिवस आपल्या खोलीत लपवलं होतं. हे मला तिनेच सांगितलं होतं. तो प्रश्न मी भर कोर्टात विचारणार होते, म्हाताऱ्याची मान आणखी खाली जावी म्हणून. मी श्वास घेतला. मागून एक चिठ्ठी पुढे आली. वकीलसाहेबांच्या अक्षरात दोन शब्द होते: ‘पुरे. बसा.’

मी बसले. वळून बघितलं तर ते माझ्याकडे बघत नव्हते, मेहत्याकडे बघत होते. मेहता पिंजऱ्याचा कठडा धरून उभा होता, आणि त्याच्या हाताला घाम आला होता.

त्या संध्याकाळी ब्रीफच्या पाठीवर, सात वेळा लिहिलेल्या ‘उलट राखून’च्या खाली, त्यांनी लिहिलं: ‘उलट पूर्ण. वकील आजारी, ज्युनिअरने घेतली.’ आजारी या शब्दापुढे त्यांनी काही जोडलं नाही.

वहिनींची भीती अर्धी खरी ठरली. काही अशील जिना चढायचे बंद झाले. पण दोन आठवड्यांनी तो फणसवाला वकील आला, आतून कडी लावू का म्हणाला, आणि तासभर बोलत बसला. निकालाच्या दिवशी आपल्याला जिना उतरता येत नाही, असं काहीसं. नंतर आणखी एकजण आला, मग आणखी एक. वकीलसाहेब ऐकून घेत. ते स्वतः चौपाटीवर फिरायला जाऊ लागले, एका डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं ते घेत. लेखी काम पूर्वीसारखंच करत, पण उलटतपासणीला पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. ती मीच करत असे.

निकाल महिन्याने लागला. खोली वाचली. रविवारी आम्ही तिघं ट्रामने लालबागला गेलो. खानावळवालीने बोलावलं होतं, आणि तिला नाही म्हणायची सोय नव्हती. दुपारचे गडी जेवून गेले होते. भिंतीशी थाळ्या धुऊन रचल्या होत्या. आम्हाला सतरंजीवर बसवलं. वहिनींना आणि मला भात, सुकटीची चटणी, सोलकढी. वकीलसाहेबांपुढे मात्र पितळेच्या वाटीत पेज आली.

वाढायला ती बाई होती. चुलीपाशी तिची भाकऱ्यांची परात होती, हात पिठाने माखलेले. वकीलसाहेब तिच्याकडे बघू शकत नव्हते. वाटीकडे बघत म्हणाले, पोट बरं आहे माझं. ती म्हणाली, असू दे. आणि तूप वाढलं.

ते पेज प्याले. ती परत चुलीकडे गेली आणि भाकरी उलटली. मग वकीलसाहेबांनी वाटी खाली ठेवली आणि मान वर केली. त्यांचे ओठ हलले, आणि मला वाटलं, कोर्टात व्हायचं तसंच होणार. वहिनींचा हात भातात थांबला होता.

“तुम्ही जेवलात?” त्यांनी विचारलं.

बाईने मागे वळून बघितलं. “तुमचं होऊ दे,” ती म्हणाली. “मग बसते.”

वकीलसाहेब सतरंजीवर थोडे सरकले आणि त्यांनी तिच्यासाठी जागा केली.